हाक मारायचं नाव

४ फेब्रुवारी

प्रिय चिपडे,

अनेक आशीर्वाद. शिल्लक होते तेवढे सगळे पाठवलेत, पुरवून वापर.

पत्र बघून दचकली असशील. तुझी वहिनी गेल्यापासून मी कोणाला एक ओळ लिहिलेली नाही. आणि फोनवर आपलं बोलणं ते काय? 'कसा आहेस', 'बरा आहे', 'जेवलास का', 'जेवलो'. तेवढ्यात तुझा कुकर शिट्टी मारतो आणि तू 'ठेवते रे' म्हणतेस. म्हणून म्हटलं कागदावर बोलू. कागदामागे कुकर नसतो.

तर बातमी अशी, की मी नोकरीतून मोकळा झालो. कारखान्याला आता तरणीताठी माणसं हवीत, कप तपासायला यंत्र आणणार म्हणतात. म्हटलं, आणा बाबांनो, लखलाभ असो! सगळा जन्म लाकडी काडीने कप वाजवण्यात गेला. टण् वाजला की इकडे, बद्द वाजला की तडा गेलेला, टाक तिकडे. कान किटले होते. निरोपाची भाषणं वगैरे मीच नको म्हणालो. एकूण मजेत आहे.

सकाळी अजून त्याच वेळेला जाग येते. दाढी करतो, बूट घालतो, मग आठवतं आणि बूट काढतो. समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालते, तोंडात कायम चिमटे. तिला मी 'चिमटी' नाव ठेवलंय, तिला पत्ता नाही. वेळ मजेत जातो.

आता मुद्द्याचं. तुमची मागची खोली रिकामी असते ना? महिना-दोन महिने येऊन राहावं म्हणतो. माझे खाण्यापिण्याचे नखरे नाहीत हे तुला माहीत आहे. तुझ्या टेलिफोनच्या खांबाला (म्हणजे आमच्या मेहुण्यांना) बाजारहाट करून देईन, सासूबाईंशी पत्ते खेळेन आणि मुद्दाम हरेन. इथे घर फार मोठं वाटायला लागलंय. विचारून कळव.

पार्सलने सहा कपबश्या पाठवतोय. सगळ्या मी स्वतः वाजवून घेतल्यात.

मजेत असलेला,
दादा


१६ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार.

कपबश्या पोचल्या. एक बशी वाटेत फुटली, बाकी सुरेख आहेत. सासूबाईंनी लगेच कपाटात बंद करून टाकल्या, म्हणजे आता त्या कोणाच्या ओठाला लागायच्या नाहीत.

तू यायचं म्हणतोस ते वाचून बरं वाटलं. पण मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय रे. शिवाय सासूबाईंचे गुडघे, ह्यांची धावपळ, धाकट्याचे मित्र रात्रंदिवस अभ्यासाला. तुझी आबाळ होईल. सगळं जरा मार्गी लागू दे, मग मीच कळवते.

आता मला एक सांग. एवढ्याशा पत्रात तू किती वेळा 'मजेत' लिहिलंयस! मजेत असलेला माणूस एकदासुद्धा लिहीत नाही. तुझी निवृत्ती अजून लांब होती. आणि भाषणं नको म्हणणारा तू? लहानपणी तुझा दात पडला तरी तुला हारतुरे हवे असायचे. काय झालंय ते नीट लिही. मी घरात वाचून दाखवणार नाही.

तुझी,
चिपडी


२४ फेब्रुवारी

प्रिय चिपडे,

अनेक आशीर्वाद.

तुझ्यापुढे माझी डाळ कधी शिजली नाही. सांगतो.

मला काढलं. माझ्या खात्यातल्या एका बाईने माझ्याविरुद्ध तक्रार केली. मनात भलतंसलतं आणू नकोस. मी कोणाला हात लावला नाही, पैसा खाल्ला नाही, शिवी दिली नाही. मी तिला लाडाने एका नावाने हाक मारायचो, एवढाच माझा गुन्हा.

ती नवी आली तेव्हाची गोष्ट. गळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आवाज घोगरा. पहिल्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभी राहून तिने नाव सांगितलं. माझ्या हातात कप होता. मी म्हणालो, 'अरे, हा कप बद्द वाजतोय!' सगळं खातं खो खो हसलं. तीही हसली. मी डोळ्यांनी बघितलं ना, तीही हसली. तेव्हापासून ती 'बद्दी'. मी काय तिला एकटीलाच नाव दिलं? पॅकिंगचा 'गोंद' आहे, भट्टीवरचा 'कोळसा' आहे, हिशोबनीस 'आंबट' आहे. कोणाची कधी तक्रार नाही. उलट खात्यात कसं घरच्यासारखं वाटायचं.

चौकशीला तिघं जण बसले होते. एचआरच्या बाईंनी एक नाव वाचलं आणि विचारलं, 'यांच्याशी तुमची वागणूक कशी असते?' मी म्हणालो, 'या नावाचं आमच्या खात्यात कोणी नाही.' बाई म्हणाल्या, 'त्या चार वर्षं तुमच्यासमोरच्या टेबलावर बसतात.' तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी पटकन बोलून गेलो, 'अच्छा, म्हणजे बद्दी!'

शपथेवर सांगतो, मी थट्टा करत नव्हतो. मला खरंच तिचं नाव माहीत नव्हतं. पण त्यांना वाटलं, हा इथे बसूनसुद्धा टर उडवतोय. तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि माझं तिथेच संपलं. आठवड्याभरात हातात कागद. खात्यातलं कोणी फाटकापर्यंतसुद्धा आलं नाही. गोंद नाही, कोळसा नाही. माझा डबा आणि स्वेटर अजून तिथल्या कपाटात आहे.

आता एकच वाट आहे. दहा मार्चपर्यंत फेरविचाराचा अर्ज देता येतो. मला वाटतं, त्याला तुझं पत्र जोडावं. तू फक्त एवढंच लिहायचं, की आमच्या घरात कोणाला खऱ्या नावाने हाक मारायची रीतच नव्हती, ही नावं मायेची असतात, आणि 'चिपडी' म्हणून तू लहानाची मोठी झालीस पण कधी रुसली नाहीस. तू शिकलेली आहेस, तुझं अक्षर चांगलं आहे. त्यांना पटेल. माझं सगळं आता तुझ्या चार ओळींवर आहे गं.

खोलीची घाई नाही. ओल वाळली की कळव.

तुझा,
दादा


२० मार्च

ती. दादास,

नमस्कार.

दहा तारीख उलटून गेली हे मला माहीत आहे. मी मुद्दाम उशीर केलेला नाही, आणि विसरलेही नाही. रोज दुपारी कागद घेऊन बसत होते. 'मी कधी रुसले नाही' एवढं एक वाक्य लिहायचं होतं. पेन तिथे जाऊन थांबायचं. खोटं लिहिता येईना आणि खरं लिहिलं तर तुझं नुकसान. म्हणून काहीच पाठवलं नाही. ते चूक असेल तर माझ्यावर रागाव. पण आता खरं लिहिते, कारण तू विचारलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस, तेही तुझ्या कामासाठी.

लहानपणी माझे डोळे सारखे यायचे. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या आणि आई कोमट पाण्याने पुसायची. तेवढा वेळ मला काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. तू दारात उभा राहून मित्रांना सांगायचास, 'थांबा, आमची चिपडी उठतेय.' डोळे पुढे कायमचे बरे झाले. नाव राहिलं. अप्पांनी उचललं, आईने उचललं, शाळेत गेलं. वर्गातली मुलं मला बघून डोळे चोळायची.

लग्न ठरलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! सगळ्यांना वाटलं नवरा आवडला. तो आवडलाच होता, पण खरा आनंद हा, की त्या घरात ते नाव कोणाला माहीत नसणार. तिथे मी नुसती माझ्या नावाची बाई असणार. आणि तू पहिल्यांदा आलास तो फाटकापासून ओरडत आलास, 'चिपडे, ए चिपडे, दार उघड!' जाऊबाईंनी विचारलं, 'हे काय हो नाव?' तर पाण्याचा ग्लास हातात धरून तू सगळं साग्रसंगीत सांगितलंस. पापण्यांसकट. सगळे हसले. मीही हसले. तूही डोळ्यांनी बघितलं असशील.

तू दुसऱ्या दिवशी गेलास. नाव माझ्या घरात राहिलं.

मग मी पत्राखाली तशी सही का करते? एकदा केली नव्हती. तुझं उलट पत्र आलं, 'चिपडी रुसली वाटतं', आणि वर मेहुण्यांनी सर्वांना वाचून दाखवावं अशी सूचना. त्यापेक्षा सही करणं सोपं होतं.

तुला वाटत आलंय की ह्यांना तू आवडत नाहीस, म्हणून बोलावणं येत नाही. बिचाऱ्यांचा काही दोष नाही. मीच बोलावत नाही. भिंतीला ओलबिल काही नाही दादा. खोली खडखडीत कोरडी आहे. एक पलंग आहे आणि माझी शिलाईची मशीन.

तू वाईट नाहीस. माझी फी भरायला तू सायकल विकलीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले. जो जीव लावतो त्याला कसं सांगायचं, की बाबा रे, दुखतंय?

एक विचारते. त्या बाईने तुला कधी सांगितलं होतं का, की असं म्हणू नका म्हणून?

तुझी धाकटी बहीण


२८ मार्च

पत्र मिळालं. माझा अर्ज फेटाळला, तुझं पत्र असतं तरी फेटाळलाच असता, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. परक्यांनी एक तक्रार केली, आता घरचीही आली. दोन्ही निकाल मान्य आहेत. यापुढे तुझ्या फाटकाशी कोणी ओरडणार नाही. कपबश्या ठेव नाहीतर टाकून दे.

दादा


१२ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. फोन लागतो पण तू उचलत नाहीस. रागात आहेस ते ठीक, पण जेवतोस ना वेळेवर? मी जे लिहिलं ते मागे घेत नाही. पण ते लिहिलं म्हणजे तुला तोडलं असं होत नाही. एवढं तरी कळव, की बरा आहेस.

तुझी बहीण


३ मे

दादा,

आज पुन्हा फोन केला. वाजून वाजून बंद झाला. हे म्हणाले, मी जाऊन बघून येतो. मी नको म्हटलं, आणि आता रात्री झोप येत नाहीये. घरात सगळे आहेत आणि तरी मला आपलं जुनं घर रिकामं दिसतंय. एक ओळ लिही. कशीही लिही. वाटलं तर त्या नावाने लिही.


२७ मे

तुझी दोन्ही पत्रं कालपर्यंत टेबलावर तशीच पडली होती. उघडायची भीती वाटायची. काल उघडली. दुसऱ्यातली शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

मी बरा आहे. जेवतो. भात लावतो आणि तोच दोन वेळा खातो.

मध्यंतरी एक गंमत झाली, म्हणजे गंमत नाही. बरेच दिवस कोणी मला काही म्हणालेलंच नाही हे एकदम माझ्या लक्षात आलं. साहेब नाही, दादा नाही, अहो नाही. दुकानदार 'पुढे' म्हणतो, बसवाला 'सरका' म्हणतो. मला हाक मारणारं या गावात कोणी उरलेलं नाही. मी इतक्या लोकांना नावं वाटली, मला कोणी एक दिलं नाही, आणि मी समजत होतो की तो माझा मान आहे.

शेवटी डबा आणि स्वेटर आणायला गेलो. फाटकावरच्या म्हाताऱ्याने आत सोडलं नाही, पण दोन्ही वस्तू आतून आणून दिल्या आणि बसायला खुर्ची दिली. तो म्हणाला, 'साहेब, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो.' त्या बाई एके दिवशी डबा घरी विसरल्या. त्यांची लहान मुलगी तो घेऊन फाटकाशी आली. म्हातारा सवयीने आत ओरडला, 'बद्दीची पोरगी आलीय!' पोरीने विचारलं, बद्दी म्हणजे काय? त्याने तेही समजावून सांगितलं, कप वाजवतात कसा, तडा ओळखतात कसा. रात्री मुलीने आईला विचारलं, 'आई, तुला तडा गेलाय?' दुसऱ्या दिवशी बाईंनी अर्ज दिला. म्हातारा म्हणाला, 'ओरडलो मी साहेब. पण नाव तुमचं होतं.' मी त्यालासुद्धा 'कुलूप' म्हणायचो. त्याचं नाव विचारावंसं वाटलं, पण आता फाटकाबाहेर बसून विचारायची लाज वाटली.

तू विचारलं होतंस, तिने कधी सांगितलं होतं का. सांगितलं होतं. एकदा पाण्याच्या नळाशी हळूच म्हणाली, 'साहेब, मला माझ्या नावाने हाक माराल का?' मी म्हणालो, 'अगं, एवढं लाडाचं नाव कोणाला मिळतं!' नंतर एकदा सगळ्यांसमोर म्हणाली. तेव्हा मी उत्तरादाखल एक फुटका कप वाजवून दाखवला. पुन्हा हशा. त्यानंतर ती खात्यात बोलायचीच बंद झाली, आणि मला वाटलं, स्वभावाने अबोल आहे. चौकशीत मी हे सांगितलं नाही. तुलाही नाही. विसरलो होतो म्हणायला सोपं गेलं असतं, पण मी विसरलो नव्हतो.

माफी मागायला तिच्या घरी जावं असं मनात आलं. मग वाटलं, मी दारात उभा राहिलो तर दार तिलाच उघडावं लागणार, आणि मुलगी विचारणार हे कोण. नाही गेलो.

तुझ्या वहिनीला मी 'किल्ली' म्हणायचो. सारख्या किल्ल्या हरवायची म्हणून. ती शेवटच्या आजारपणातसुद्धा त्या नावाला 'ओ' द्यायची. तिला आवडायचं का गं ते? तुझ्याशी कधी बोलली होती? मी तिला विचारलंच नाही, आणि आता घरात विचारायला कोणी नाही.

सध्या एक उद्योग चालू आहे. खिडक्या लावून घेतो आणि तुझं नाव मोठ्याने घेतो. तुझं खरं नाव. जीभ सवयीने 'चि'कडे धावते, तिला ओढून आणावं लागतं. पहिल्यांदा घेतलं तेव्हा खोलीत कोणी परकी बाई आल्यासारखं वाटलं, आणि मीच जरा सावरून बसलो. हे नाव अप्पांनी किती हौसेने ठेवलं होतं, आणि मी ते बदलून टाकलं. रोज घेतो. आता थोडं ओळखीचं वाटायला लागलंय.

वर काय लिहावं ते कळेना म्हणून जागा मोकळी सोडलीय. पाकिटावर मात्र आजवर मेहुण्यांचं नाव घालायचो, या वेळी तुझं घातलंय. खोलीचं मी विचारत नाही. तुझ्या घरात तू तुझ्या नावाने राहा. चुकलो मी. फार चुकलो.

दादा


८ जून

दादा,

काल दुपारी पोस्टमन फाटकाशी माझं नाव घेऊन ओरडला. आमच्याकडे सगळा टपाल-पसारा ह्यांच्या नावाने येतो, त्यामुळे आधी मला कळेचना कोणाला बोलावतोय. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, तूच की ती!' हात ओले होते, तशीच धावत गेले. तुझ्या अक्षरात माझं नाव मी पहिल्यांदा पाहिलं. वेलांटी चुकवलीयस, पण असू दे. पाकीट संध्याकाळपर्यंत उघडलंच नाही, नुसतं जवळ ठेवलं.

रडले, हे तुला सांगून टाकते. तुझ्यासाठी की माझ्यासाठी ते विचारू नकोस.

वहिनी 'किल्ली'बद्दल माझ्याशी कधीच बोलली नाही. तिला फार आवडायचं असं लिहून पाठवावं, असं खूप वाटलं. पण आता आपण खोटं नको लिहूया. तेवढं एक तुला न कळताच राहणार.

त्या बाईंच्या दारात गेला नाहीस ते बरं केलंस. ते काम तसंच राहू दे, राहिलेलं काम म्हणून.

खोलीतली शिलाईची मशीन मी बाहेर काढलीय. गादीला ऊन दाखवलंय. हे विचारत होते कोण येणार, तर मी म्हटलं, माझा भाऊ. जास्त सामान आणू नकोस, स्वेटर मात्र आण, इथे पहाटे गार असतं. तुझ्या कपबश्यांपैकी दोन मी सासूबाईंच्या तावडीतून सोडवून ठेवल्यात.

फाटकाला घंटा आहे, पण ती वाजवू नकोस. बाहेर उभा राहा आणि मला हाक मार, शेजारपाजार ऐकेल एवढ्या मोठ्याने. मी दाराच्या आतच उभी असेन. पण पहिल्या हाकेला 'ओ' देणार नाही. पुन्हा एकदा मार.